दोन अर्थांचा गडी

हात खिशात ठेवा. या प्रवासाला अट एवढी एकच. बघा, ऐका, हवा तेवढा वास घ्या. मदत मात्र करायची नाही.

तारीख ९ जुलै १९१३. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी सांत-मारी-द-काम्पां नावाचं गाव आहे. तिथल्या लोहाराच्या दुकानात तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात. भट्टीची धग तोंडावर येतेय. ऐरणीवर वाकलेला माणूस लोहार नाही. लोहार बाजूला उभा राहून, ‘असं कर, तसं कर’ एवढंच तोंडाने सांगतोय. त्याचे हात तुमच्यासारखेच बांधलेले आहेत.

ऐरणीवरचा माणूस युजेन क्रिस्तोफ. वय २८, मिशा लोंबत्या, कपडे धुळीने राखाडी. टूर द फ्रान्सचा स्वार. आज अंधारातच बायोनहून निघाला; ल्युशोंपर्यंतचा टप्पा ३२६ किलोमीटरचा. त्यात तुर्मालेची खिंड, उंची २११५ मीटर. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर संपतं, म्हणजे त्याच्याही वर साडेचारशे मीटर सायकल चढवायची, आणि तीही गिअर बदलायची सोय नसलेली. चढून गेला. शर्यत जवळपास हातात आली होती. उतारावर सायकलचा पुढचा चिमटा मोडला.

दुसऱ्याची सायकल घ्यायला बंदी. दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायलाही बंदी. मग सायकल खांद्यावर, सुटलेलं चाक हातात आणि डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत तो दहा-बारा किलोमीटर चालत या गावात आला. ज्यांना त्याने घाटात मागे टाकलं होतं ते सगळे एकेक करून शेजारून निघून गेले.

आता तो नळीचा तुकडा तापवतोय, ठोकतोय, कानशीने घासतोय, परत तापवतोय. मूळचा कुलपं-किल्ल्या करणारा कारागीर, त्यामुळे लोखंडाची ओळख आहे. पण त्यालाही हात दोनच. एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडा; भाता कोण ओढणार? दुकानात एक पोरगा आहे. क्रिस्तोफ त्याला खूण करतो, पोरगा भाता ओढतो, निखारे लाल होतात. दारात उभे असलेले शर्यतीचे अधिकारी ते वहीत लिहून घेतात. परकी मदत! दंड दहा मिनिटं. (नंतर त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, तो तीन मिनिटांवर आणला.)

भाता ओढायला तुमचाही हात शिवशिवतो. ठेवा खिशातच. त्या अधिकाऱ्यांपैकी एकाला भूक लागली आणि जरा जेवून येतो म्हणाला, तेव्हा क्रिस्तोफने त्याला कोळसे खा म्हणून सुनावलं, असं सांगतात. मी तुमचा कैदी, तुम्ही माझे पहारेकरी, जागचे हलू नका! मला ही गोष्ट खरी असावीशी वाटते. इतका वेळ घण मारून झालेल्या माणसाला असंच काहीतरी सुचणार.

चिमटा जोडून तो निघतो, तेव्हा पुढे अजून दोन खिंडी उभ्या असतात. दिवसअखेर पहिल्या स्वाराच्या जवळजवळ चार तास मागे तो ल्युशोंला पोचतो. शर्यत सोडत नाही. पॅरिसला सातवा येतो.

असा नियम करणारा माणूस कोण, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आंरी देग्रांज. ‘लोतो’ या दैनिकाचा संपादक. पेपर खपावा म्हणून १९०३ मध्ये त्याने ही शर्यत काढली. पेपर पिवळ्या कागदावर छापायचे; पुढे १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी मिळू लागली, आणि ती पहिल्यांदा अंगात घालायचा मान या क्रिस्तोफलाच मिळाला. त्या वर्षीही आघाडीवर असतानाच त्याचा चिमटा मोडला. काही माणसांच्या कुंडलीत चिमटाच असतो.

देग्रांजला हवी होती एकट्या माणसाची कसोटी. आपली आदर्श शर्यत म्हणजे जिच्यात शेवटी एकच जण पोचेल, असं वाक्य त्याच्या नावावर खपतं. एकाने दुसऱ्याला मदत करणं त्याच्या लेखी फसवणूक होती. १९११ मध्ये मोरिस ब्रोको नावाच्या स्वाराने स्वतःची आशा मावळल्यावर फ्रांस्वा फाबेरला साथ दिली. देग्रांजने त्याला छापील शिवी हासडली: ‘दोमेस्तिक’. म्हणजे घरगडी. ब्रोकोने पुढचाच डोंगराळ टप्पा जिंकून त्याला उत्तर दिलं. देग्रांजने तरीही त्याला शर्यतीतून हाकललं. माणूस गेला, शिवी राहिली. आज सायकल शर्यतीत आपल्या म्होरक्यासाठी राबणाऱ्या स्वाराला जगभर हाच शब्द वापरतात, आणि तो पगारी हुद्दा आहे.

आपल्याकडे त्याला सोपा शब्द आहे: गडी. शेतावर राबतो तोही गडी आणि हुतूतूत आपल्या बाजूने खेळतो तोही गडीच. देग्रांजला यातला पहिला अर्थ तेवढा माहीत होता. दुसरा अर्थ त्याला वाऱ्याने शिकवला असता, पण तो मोटारीतून फिरायचा.

तुम्हाला मोटारीत बसवून भागणार नाही. चला, सायकलवर बसा. हात आता खिशातून काढावे लागतील, पण फक्त हँडल धरण्यापुरते.

जुलै १९३४. मोंपेलियेहून पेर्पिन्यांकडे जाणारा सपाट रस्ता, डाव्या हाताला कुठेतरी समुद्र. या पट्ट्यात त्रामोंतान नावाचा वायव्येचा वारा सुटतो. आज तो सुटलाय असं धरून चाला. वारा उजवीकडून, थोडा समोरून लागतोय, आणि सायकल जड होत चाललीय. ब्रेक लागून राहिलाय की काय म्हणून तुम्ही खाली वाकून बघता. तसं काही नाही. वारा आहे.

आता पुढच्या स्वाराच्या मागच्या चाकाच्या डावीकडे सरका. अजून जवळ. वीतभर अंतर राहू द्या. त्या अरुंद जागेत शिरल्याबरोबर कानातला घोंघाट थांबतो, पाय हलके होतात. खंडाळ्याच्या घाटात एखाद्या टेम्पोच्या मागे सायकल लावून पाहिली असेल तर ही गंमत तुम्हाला ठाऊक आहे. मागच्याची ताकद ढोबळमानाने पाव ते तिसरा हिस्सा वाचते. आणि मोठ्या घोळक्याच्या मध्यभागी? नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनचे संशोधक बेर्ट ब्लोकेन यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा हिशेब मांडला. त्यात मधल्या-मागच्या स्वाराला लागणारा हवेचा अडसर एकट्या स्वाराच्या तुलनेत जेमतेम ५ ते १० टक्के भरला. माणसांची भिंत केली की वारा जवळजवळ उरतच नाही.

पण भिंतीत पहिली वीट कुणीतरी व्हावं लागतं. तुमच्या पुढचा स्वार कोपराने खूण करून बाजूला होतो. पाळी तुमची. एकदम छातीवर कुणी उशी दाबल्यासारखं होतं. मोजा, मनातल्या मनात साठपर्यंत. चाळीसलाच मांड्या पेटतात. साठला बाजूला व्हा, रांगेच्या शेपटाशी जा, आणि तिथे शेवटचं चाक सुटू देऊ नका. ते चाक हातभर जरी लांबलं तरी ते पुन्हा गाठायला जी ताकद लागेल ती आत्ताच तुम्ही पुढे संपवून आला आहात. इथे एकमेकांचे वैरीसुद्धा पाळीपाळीने वारा खातात. पाळी चुकवणाऱ्याला शिव्या बसतात, त्याही चार-पाच भाषांत.

उतरा आता आणि श्वास घ्या. आजूबाजूला नीट बघा. खांद्यांवरून बगलेखालून आडव्यातिडव्या गुंडाळलेले जादा टायर, डोळ्यांना चष्मे, धातूच्या बाटल्या. गिअर बदलणारं यंत्र टूरमध्ये यायला अजून तीन वर्षं आहेत. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दातेरी चकत्या: एक सपाटीची, एक चढाची. घाट आला की खाली उतरायचं, कानाचे नट ढिले करायचे, चाक काढून उलटं बसवायचं, चेन चढवायची आणि निघायचं. माथ्यावर पुन्हा तेच. बोटं काळी, नखं फुटलेली.

आता राष्ट्रीय संघ आहेत. १९३० मध्ये देग्रांजनेच ते आणले, सायकल कंपन्यांच्या कुरघोड्यांना वैतागून. फ्रान्सचे आठ जण निळ्या जर्सीत. त्यातला एक पिवळ्या जर्सीत आहे: आंतोनँ मान्य. अबोल, शेतकरी वळणाचा, १९३१ चा विजेता. यंदा दुसऱ्या टप्प्यापासून जर्सी त्याच्याच अंगात आहे. मागे इटलीचा मार्तानो टपून बसलाय.

आणि एक पोरगा आहे. रने व्हिएत्तो, वय २०. कान शहराजवळचा. हॉटेलच्या लिफ्टमध्ये पाहुण्यांची चढउतार करायचा. या टूरमध्ये आल्प्सचे डोंगर लागले आणि तो सुटलाच: ग्रनोब्लचा टप्पा त्याचा, दीन्यचा त्याचा, आणि घरच्या लोकांसमोर कानचाही त्याचाच. सगळा फ्रान्स त्याच्या नावाने वेडा झालाय. देग्रांजच्या शर्यतीत तो राजा झाला असता. पण ही संघांची शर्यत आहे, आणि संघात तो गडी आहे.

दुसरा दिवस. पेर्पिन्यां ते आक्स-ले-तेर्म. प्युईमोराँस खिंडीचा उतार. तुम्ही वळणावरच्या दगडी कठड्यापाशी उभे राहा. हात पुन्हा खिशात.

वरून खडी उडाल्याचा आवाज येतो. पिवळी जर्सी. मान्य पडलाय, चाक कामातून गेलंय. मार्तानो त्याच्याबरोबरच होता. तो थांबणार थोडाच. दुरुस्तीची गाडी कुठे तरी मागे, घाटात अडकलेली. व्हिएत्तो येतो आणि ब्रेक दाबतो. दोघांत बोलणं फारसं होत नाही. मान्य. मराठी कानाला हे आडनाव गमतीचं वाटतं, कारण इथे कुणी कुणाला ‘मान्य?’ असं विचारतच नाही. पुढारी पुढारी आहे. पोरगा आपल्या सायकलचं पुढचं चाक काढून देतो, मान्य ते बसवतो आणि उतारावर दिसेनासा होतो.

मग शांतता. तुम्ही, व्हिएत्तो, आणि पुढच्या चाकाविना सायकल. ती कठड्याला टेकवून तो कठड्यावर बसतो. शेजारून एकेक स्वार खाली सुटत जातो. तो मान वर करून बघतो, पुन्हा खाली घालतो. आणि रडायला लागतो. हमसून नाही. लहान मुलं दमल्यावर रडतात तसा, तोंड न लपवता. एक फोटोग्राफर येतो, खटका दाबतो. हा फोटो उद्या-परवा फ्रान्सभर जाईल.

तुम्हाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटेल. मलाही वाटला असता. पण त्या रडण्यात त्याग, समर्पण वगैरे फार वाचू नका, असं माझं म्हणणं आहे. वीस वर्षांचा पोरगा आहे, पायांत अजून घाटच्या घाट शिल्लक आहेत, आणि त्याला बसवून ठेवलंय. मी असतो तर रडलो नसतो, शिव्या दिल्या असत्या.

फोटो या दिवसाचा आहे म्हणून लोक हाच दिवस लक्षात ठेवतात. मला विचाराल तर खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली, आणि तिथे कॅमेरा नेमका नसावा.

आक्स-ले-तेर्म ते ल्युशों. पोर्ते दास्पेचा उतार. आज व्हिएत्तो पुढे आहे, मान्य मागे. खाली सुटलेल्या व्हिएत्तोला कळतं, की मान्यची सायकल पुन्हा बिघडलीय. काल पुढारी समोर पडलेला होता, तोंड चुकवणं शक्य नव्हतं. आज आहे. वाऱ्यात ऐकू आलं नाही म्हणावं. कोण खोटं पाडणार? ब्रेक हलके सोडले की पुढचं वळण, आणि वळणापलीकडे त्याची स्वतःची शर्यत.

तो थांबतो. सायकल वळवतो. आणि आत्ताच उतरलेला घाट परत चढायला लागतो. समोरून स्वार सुसाट खाली येताहेत आणि हा एकटा उलटा, रस्त्याच्या कडेने, सीटवरून उठून पॅडल मारतोय. वर पोचल्यावर या वेळी चाकाचं कौतुक नाही. अख्खी सायकल मान्यच्या हातात देतो आणि पुन्हा रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभा राहतो.

पहिल्या दिवशी चाक दिलं तो शेतावरचा गडी. दुसऱ्या दिवशी उलटा चढला तो हुतूतूतला. मला तरी हा फरक मोठा वाटतो.

अट्ठ्याऐंशी वर्षं पुढे या. २१ जुलै २०२२, तोच पिरेनीज, ओताकामचा चढ. डोक्यावर हेलिकॉप्टर, स्वारांच्या कानात रेडिओ, मागे संघाची मोटार आणि तिच्या टपावर सुट्या सायकली. चाकासाठी आता कुणी रडत बसत नाही. संघ आठांचा, आणि त्यातल्या बहुतेकांचं नाव तुम्हाला उद्या आठवणार नाही. ते मोटारीपाशी जाऊन जर्सीत पुढेमागे बाटल्या कोंबतात, पोटुशा बाईसारखे अवघडत पुन्हा पुढे येतात, वाटप करतात आणि वाऱ्यात उभे राहतात. अशा एकवीस टप्प्यांची, साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटरची ही नोकरी. एखाद्या डोंगराळ दिवशी पाच-सहा हजार कॅलरी जळतात. जेवण हासुद्धा कामाचाच भाग, भूक असो वा नसो.

त्या दिवशी पिवळी जर्सी डेन्मार्कच्या योनास व्हिंगेगोकडे, आणि त्याला सोडायला तयार नसलेला स्लोव्हेनियाचा ताडे पोगाचार मागे चिकटलेला. आधीच्या खिंडीच्या उतारावर पोगाचार पडला, तेव्हा व्हिंगेगो त्याच्यासाठी हळू झाला. दोघांनी धावत्या सायकलींवरून हात मिळवले. हे वैऱ्याशी वागणं. आता गड्याचं बघा. बेल्जियमचा वाउट फान आर्ट सुरुवातीपासून आघाडीच्या तुकडीत होता. अंगात हिरवी जर्सी, म्हणजे स्वतः नावाजलेला. शेवटच्या चढावर व्हिंगेगो त्याच्यापर्यंत आला आणि फान आर्टने पुढे होऊन रेटायला सुरुवात केली. खांदे हलताहेत, तोंड वाकडं झालंय. एकाएकी पोगाचारचं चाक सुटलं. आधी हातभर, मग दोन सायकली. मगाशी वाऱ्यातलं ते हातभर अंतर आठवतंय ना? तेच. फान आर्ट बाजूला झाला, व्हिंगेगो एकटा निघाला आणि टप्पा जिंकला. पोगाचार १ मिनिट ४ सेकंद मागे. फान आर्ट तिसरा.

फान आर्टचं तोंड फोटोत हसरं आहे. व्हिएत्तोला हसायला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा ‘गडी’ ही शिवी होती, आता तिच्यावर करार होतात. हा बदल मला चांगला वाटतो. पण उलटा चढणारा पोरगा करारात बसला नसता, हेही आहे.

परत या, पॅरिसला, २९ जुलै १९३४. निकाल टांगलाय. मान्य, १४७ तास १३ मिनिटं ५८ सेकंद. व्हिएत्तो पाचवा, ५९ मिनिटं २ सेकंद मागे. शिवाय डोंगरांचा राजा हा किताब. फ्रान्समध्ये कित्येक जण अजून मानतात, की त्या चाकामुळे पोराची टूर गेली. वजाबाकी तसं म्हणत नाही. दोन्ही दिवसांचं थांबणं धरलं तरी एक तास भरत नाही. बराचसा वेळ त्याने डोंगर लागायच्या आधी, सपाट टप्प्यांवर घालवला होता. त्यागाच्या गोष्टीला हिशेब आवडत नाही, म्हणून तो कुणी फारसा सांगत नाही.

आणि हा पोरगा संतही झाला नाही. पुढे १९४७ च्या टूरमध्ये पिवळी जर्सी त्याने पंधरा टप्पे अंगावर ठेवली आणि १३९ किलोमीटरच्या एकट्याने पळवायच्या टप्प्यात गमावली. पुन्हा पाचवा. तोवर त्याला स्वतःचा गडी मिळाला होता, आपो लाझारिदेस. व्हिएत्तोच्या पायाचं एक बोट सेप्टिक होऊन कापावं लागलं, तेव्हा त्याने लाझारिदेसलाही स्वतःचं एक बोट कापून घ्यायला लावलं, अशी दंतकथा आहे. कशाला, तर मी सांगतो म्हणून. खरंखोटं देव जाणे. पण चाक देणारा माणूस बोट मागू शकतो, यावर लोकांचा विश्वास बसला एवढं नक्की.

टूर त्याने कधीच जिंकली नाही. १९८८ मध्ये वारला. नीसच्या वरच्या डोंगरात कोल द ब्रोस नावाची खिंड आहे. त्याची राख तिथे आहे आणि स्मारकाचा दगडही. हजार मीटरची उंची, सायकलने चढता येते. गेलात तर एक जादा ट्यूब बरोबर ठेवा.